रंग न दिलेली वीतभर भिंत

मत्सर ही माझी जुनी सवय आहे. लहानपणी धाकट्या बहिणीच्या फ्रॉकला माझ्यापेक्षा एक झालर जास्त होती म्हणून मी दोन वेळा जेवले नव्हते, आणि तिसऱ्या वेळी जेवले ते तिच्या ताटातलं. पुढे नोकरी, लग्न, मूल असं सगळं रीतसर होत गेलं आणि मला वाटलं, ही सवय सुटली. सुटली नव्हती. नवीन पनवेलच्या ऑफिसात उरणजवळच्या मोऱ्याहून एक मुलगी कामाला येईपर्यंत ती नुसती झोपली होती.

ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले. खाली झेरॉक्सचं दुकान. आम्ही वजनकाट्यांसाठी छोटे कंट्रोलर बनवायचो. उरणच्या बाजूला कंटेनर यार्ड आहेत, तिथे ट्रक आत येताना आणि बाहेर जाताना काट्यावर उभा राहतो. आमचा डबा ते वजन वाचायचा, पावती छापायचा आणि पुढचा दांडा वर करायचा. डब्यात एक लहानसा कॉम्प्युटरच होता, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि त्या सिस्टीमच्या पोटात वजन वाचणारा भाग मी लिहिला होता. हे सगळं दोन हजार दहाच्या आगेमागे. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते, विचुंब्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायचे आणि ऑफिसातली सगळ्यात जुनी माणूस होते.

डबा कधीकधी मरायचा. स्क्रीन जागच्या जागी थिजायची. आत एक राखणदार बसवलेला असतो, त्याला अर्धा मिनिट काही हालचाल दिसली नाही की तो कॉम्प्युटरला रीसेट करतो. मग डबा उठायचा आणि काहीच झालं नाही अशा तोऱ्यात पुढची पावती छापायचा. खरी अडचण हीच होती. सिस्टीम कोसळते तेव्हा आपण कुठे आणि का कोसळलो हे ती शेवटच्या काही ओळींत सांगते. पण त्या अवस्थेत तिला डिस्कवर लिहू देणं धोक्याचं, त्यामुळे त्या ओळी फक्त मेमरीत, म्हणजे रॅममध्ये असतात. आणि डबा पुन्हा उठताना पहिलं काम काय करतो, तर मेमरी धुऊनपुसून लख्ख करतो. म्हणजे बोलणाऱ्याचं शेवटचं वाक्य ऐकायला त्याच क्षणी कोणीतरी समोर बसलेलं पाहिजे.

ते बसणारं माणूस मी होते. डब्याला एक वायर जोडायची, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि काट्याच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं. एकदा मी सलग तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले आणि शेवटच्या दुपारी त्या ओळी पकडल्या. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांसमोर सांगितलं की ही चिकाटी दुसऱ्या कोणात नाही. यार्डांमध्ये मला 'वायरवाल्या मॅडम' म्हणायला लागले. घरी मी हे नाव थट्टेने सांगायचे, पण मनातून मला ते फार आवडायचं.

आणि मग ती आली. सव्वीस वर्षांची, सावळी, अंगाने काटकुळी, उरणच्या एसटीने रोज वेळेआधी येणारी. वडील मोऱ्याला मासेमारी करायचे. घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ती पहिलीच होणार होती, तेही कायम झाली तर. आमच्याकडे सहा महिने पारखायचे, मग कायम करायचे. तिच्या जेवणाच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी असायची आणि दुपारी सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती जमायचं. आधी ते माझ्या टेबलाभोवती जमायचं. माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला कोणी नावं ठेवली नाहीत, पण कोणी विचारलीही नाही. आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी तिने मला विचारलं, "मॅडम, रीसेट होताना रॅमची वीज जाते का?"

"नाही. वीज असतेच."

"मग त्यातलं जातं कसं?"

"उठताना पुसतो ना आपण."

"आपणच पुसतो," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली. मला वाटलं, पोरीला उजेड पडला. पडला होताच, पण मला वाटला तो नव्हे.

दुपारी जेवताना तिने सगळ्यांना घरची एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे दिवाळीआधी घर रंगवतात, पण दाराच्या मागची वीतभर भिंत सोडून देतात. तिथे वडिलांच्या कोळशाच्या खुणा आहेत. समुद्रात जाळं कुठे फाटलं, ते. पाण्याखाली खडक असतो किंवा बुडालेलं काहीतरी असतं, जाळं त्यावर फाटतं, आणि पाणी लगेच पुन्हा सारखं होतं. वरून काही दिसत नाही. म्हणून वडील घरी आले की अंघोळीच्याही आधी भिंतीवर लिहितात, देऊळ कोणत्या हाताला होतं, दीपगृहाचा दिवा कोणत्या. रंगारी नवा असला तर आई स्वतः तिथे पाठ लावून उभी राहते.

"तसं आपण रॅमचा एक कोपरा सोडायचा," ती म्हणाली. "पुसणाऱ्याला सांगायचं, इथे ब्रश लावू नको. सिस्टीम मरताना तिथे लिहील. उठल्यावर आपण वाचू."

यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. रीसेटमध्ये वीज जात नाही, मला माहीत होतं. मेमरी आपण स्वतः पुसतो, ते पुसणारं कोडसुद्धा मी वाचलेलं होतं. दोन गोष्टी माझ्या घरात कित्येक वर्षं शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि त्या उचलून एकावर एक ठेवायला बाहेरची पोरगी यावी लागली. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी पाणी प्यायला उठले आणि बेसिनजवळ पाच मिनिटं नुसतीच उभी राहिले.

चार दिवसांत तिने ते करून दाखवलं. चौसष्ट किलोबाइटचा कोपरा, त्याच्या सुरुवातीला ओळखीची एक खूण, म्हणजे आत जे आहे ते खरं लिहिलेलं आहे की नुसता कचरा हे कळावं. तिने मुद्दाम सिस्टीम पाडली. अर्ध्या मिनिटाने डबा रीसेट झाला, उठला, आणि त्याने मरतानाच्या सगळ्या ओळी स्वतःहून एका फाईलमध्ये आणून ठेवल्या. वायर नाही, खुर्ची नाही, मॅडम नाहीत. सरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि कोणाला ऐकू येतील इतपत जोरात वाजवल्या.

"म्हणजे आता तुमचं बसणं वाचलं," सर मला म्हणाले. त्यांना वाटलं, मला आनंद होईल.

तेव्हा उरणच्या बाजूचा एक यार्ड आम्हाला फार छळत होता. दर आठ-दहा दिवसांनी डबा मरायचा. मी तिथे दोनदा वायर लावून बसून आले होते, पण मी असताना तो कधी मेला नाही. सरांनी तिचा कोपरा त्याच डब्यात घालायला सांगितला. महिनाभर बघू, म्हणाले. काही सापडलं तर तिचं कायम होणं पक्कं. तिचे सहा महिनेही त्याच सुमारास भरत होते.

पहिल्यांदा डबा मेला तेव्हा ती सकाळी लवकर येऊन मोडेमवरून फाईल मागवत बसली. फाईल रिकामी होती. कोपऱ्याच्या सुरुवातीची खूणच गायब, आत कचरा. दुसऱ्यांदाही तसंच. ऑफिसातल्या टेबलावर तसाच दुसरा डबा वीस वेळा पाडला तर वीसही वेळा ओळी मिळायच्या, आणि यार्डात एकदाही नाही. ती दुपारचं जेवण विसरायला लागली. जवळ्याची चटणी न उघडता परत जायची. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्या दोन आठवड्यांत माझी झोप फार छान झाली, हेही सांगायला हवं.

चौथ्या आठवड्यात त्या यार्डातला पावतीचा प्रिंटर कागद चघळायला लागला म्हणून मी गेले. केबिनमध्ये काका होते. काका म्हणजे काट्यावरचे जुने ऑपरेटर, चिरनेरचे, साठीला आलेले, कपाळावर कायम गंधाचा ठिपका. मी प्रिंटर उघडून बसले होते, बाहेर ट्रक काट्यावरून उतरत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन थिजली. मी जागची उठले. काका शांतपणे माझ्या पुढून गेले आणि त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. डब्याची वीजच गेली. मग त्यांनी स्विचशेजारी खोचलेली उदबत्ती पेटवली, हात जोडले आणि पुटपुटायला लागले. मला आधी वाटलं, स्तोत्र आहे. ते गावांची नावं घेत होते.

"काका, हे काय?"

त्यांनी हाताने थांब म्हणून सांगितलं, शेवटी मोठ्याने "पनवेल" म्हणाले आणि स्विच वर केला.

"वीस मोजायचं ना," ते म्हणाले. "आकडे म्हनले की मानूस घाई करतो, एक-दोन गाळतो. म्हनून मी चिरनेरपासून पनवेलपरेंत एसटीचे थांबे म्हनतो. थांबा गाळला तर गाडी पोचनारच नाय."

"पण बंद कशाला करता? ते स्वतःच उठतं."

"तुमीच शिकवलेलं, मॅडम. पहिल्यांदा मशीन बसवली तवा. बंद पडली की मेन बंद करा, वीस मोजा, मग चालू करा. त्याच्यानंतर मी कदी चुकलो नाय. दुसऱ्या पाळीवाल्यालापन शिकवलंय. उदबत्ती तेवडी माजी."

खरं होतं. पहिल्या डब्यांमध्ये तो राखणदार नव्हता, तेव्हा मी सगळीकडे हेच सांगत फिरायचे. नंतर राखणदार आला आणि हे थांबवायचं मी कोणालाच सांगितलं नाही, कारण त्याने काही बिघडत नव्हतं. आता बिघडत होतं. वीज गेली की रॅममधलं सगळं जातं, कोपरा सोडलेला असो की नसो. तिची भिंत रंगाऱ्याने रंगवली नव्हती, काका पूर्ण भिंतच पाडत होते, आणि कुदळ माझी होती.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: काका, आता मेनला हात लावू नका. मी प्रिंटरचा रोलर साफ केला, काकांनी मागवलेला चहा प्यायले, त्यांच्या नातीची चौकशी केली आणि परत आले. एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला समजावत होते की आधी नीट खात्री करू, मग सांगू. कसली खात्री, ते मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिसरी रिकामी फाईल उघडली. मी माझ्या जागेवरून तिची पाठ पाहिली. तिने वहीत काहीतरी लिहिलं, सरांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि निघून गेली. कुठे गेली, मी विचारलं नाही. घरी गेली असेल, रडली असेल, असं मी धरून चालले.

त्याच्या पुढच्या सकाळी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. महिना संपत आला होता. सर वाईट माणूस नव्हते, पण यार्डवाल्यांनी त्यांना पिडलं होतं आणि ते वैतागलेले होते. कल्पना चांगली आहे, ते म्हणाले, पण टेबलावर चालतं आणि साइटवर चालत नाही असं मला काय कामाचं.

ती म्हणाली, "सर, कोपरा रिकामा येत नाही, त्यात कचरा येतो. म्हणजे मशीन मेल्यावर वीज जातेय." मग ती माझ्याकडे वळली. अगदी नीट, आदराने, आवाज न चढवता तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही परवा तिकडे होता. मशीन थांबल्यावर कोणी मेन बंद करतं का?"

तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. तिथे काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की सर माझ्याकडे बघतायत आणि पुढचं सगळं माझ्या बोलण्यावर आहे. आणि खरं सांगते, ते मला आवडलं. कितीतरी दिवसांनी खोलीतली सगळ्यात महत्त्वाची माणूस पुन्हा मी होते.

"माझ्यासमोर तरी नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. फार नाही, एखादा श्वास. मग तिने मान खाली घालून "ठीक आहे, सर" म्हटलं आणि वही मिटली.

तिला कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे दिले, जसे कायम झाल्यावर देतात तसे, आणि माझ्या टेबलावर ती वही ठेवली. कोपरा कुठे आहे, खूण काय आहे, फाईल कशी वाचायची, सगळं सुवाच्य अक्षरात. "हे तुमच्याकडे राहू दे, मॅडम," म्हणाली. मी वही खणात टाकली. दुपारच्या जेवणाला मंडळी पुन्हा माझ्या टेबलाशी यायला लागली. पण मंडळी माझ्यासाठी येत नव्हती, दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून येत होती. इतकं मलाही कळत होतं.

महिन्याभराने सर म्हणाले, त्या यार्डातल्या डब्यातून तिचं ते काढून टाका, उगाच कशाला ठेवायचं. मी लॅपटॉप घेऊन गेले. काकांनी मला खुर्ची पुसून दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "ती मोऱ्याची पोरगी नाय आली?"

"ती नोकरी सोडून गेली."

"का वो? चांगली पोरगी. तुमी प्रिंटर करून गेल्यात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आलती. दुपारभर हितंच बसलेली."

"काय विचारत होती?"

"मशीन बंद पडल्यावर काय करता, विचारलंन. मी सगळं दाखवलं, थांबेसुदिक म्हनून दाखवले. हसली. मंग बोल्ली, काका, आतापासून मेन बंद करू नका. मी बोल्लो, पोरी, हे मला मॅडमनी शिकवलंय. काल मॅडम समोर हुत्या, त्यांच्यासमोर केलं, त्या काय बोल्ल्या नाय. त्या सांगतील तवाच मी बदलनार." काका समाधानाने म्हणाले. "मंग ती बोल्ली, बरोबर हाय काका. मी मॅडमनाच विचारते."

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत होता. काकांनी दांडा वर केला, पावती फाडून दिली आणि पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "विचारलंन ना तिनं?"

"विचारलं," मी म्हणाले.

म्हणजे त्या मीटिंगमध्ये तिला सगळं माहीत होतं. मेन कोण बंद करतं, कोणी शिकवलं, आणि ते कोणाच्या डोळ्यांदेखत झालं. सरांसमोर ती एका वाक्यात मला उघडी पाडू शकली असती. तिने तसं केलं नाही. माझा मान जाईल म्हणून तिने ते वाक्य माझ्यासाठी राखून ठेवलं आणि मला बोलायला जागा करून दिली. आणि मी त्या जागेत काय ठेवलं, ते वर सांगितलंच आहे. मला आधी शरम वाटली, आणि लगेच मागून तोच जुना राग आला, की ही पोरगी या बाबतीतही माझ्यापेक्षा वरचढ निघाली.

मी तिचं कोड काढलं नाही. काकांना म्हटलं, "काका, आता मशीन थांबली तर मेनला हात लावायचा नाही. हे मी सांगतेय. दुसऱ्या पाळीलाही सांगा."

"आनि थांबे?"

"थांबे म्हणा. उदबत्ती लावा. फक्त स्विच नाही."

मग मी पिशवीतून वायर काढायला लागले, एकदा स्वतः बसून बघू म्हणून, तर काका म्हणाले, "तुमी बसलात तर नाय बंद पडनार. तुमी हितं असल्या की मी ट्रकवाल्यांना नीट थांबवतो, पावती निघाल्याबिगर हलू देत नाय. मॅडमसमोर गोंधळ नको. त्या दिवशी तुमी प्रिंटर खोललेला, म्हनून तो ट्रक तसाच सुटला."

सगळ्यांनी गाजवलेली माझी ती चिकाटी या यार्डात अशी होती. मी समोर बसायचे म्हणूनच ते घडायचं नाही. मी वायर पिशवीत भरली आणि काकांना सांगितलं, ट्रक नेहमीसारखे येऊ द्या.

सहाव्या दिवशी काकांचा फोन आला. "मॅडम, बंद पडली हुती. मी हात बांधून उबा ऱ्हायलो. पनवेल यायच्या आदीच उठली."

मी फाईल मागवली. अकरा ओळी होत्या. खूण जागेवर होती आणि सिस्टीम कुठे कोसळली ते स्वच्छ लिहिलेलं होतं. पावती छापत असतानाच ट्रक काट्यावरून उतरला की वजनाची ओळ अर्धवट यायची, आणि ती वाचणारा भाग ओळ संपली तरी पुढे वाचत जायचा, जिथे त्याचं काही काम नव्हतं. तो भाग मी लिहिला होता. त्या कोडच्या पहिल्याच ओळीत माझी आद्याक्षरं होती.

मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. चूक माझ्या कोडमध्ये आहे, मेन बंद करायला मीच शिकवलं होतं, ते मी पाहिलं होतं, आणि विचारलं तेव्हा नाही म्हटलं होतं. सर थोडा वेळ पेनचं टोपण उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "बरं. पण आता सापडलंय ना? आजच्या आज दुरुस्त करून पाठवा." थोड्या वेळाने पुन्हा हाक मारून म्हणाले, "तिला फोन करून बघा, परत येते का."

मी फोन दुपारभर पुढे ढकलला आणि पाचनंतर केला. तिला मुंबईत नोकरी लागली होती, मोऱ्याहून रोज लाँचने जायची. मागे धक्क्यावरचा गलका ऐकू येत होता. मी म्हणाले, "सापडलं. तुझ्या कोपऱ्यात आलं."

ती म्हणाली, "कुठे फाटलं होतं?"

"मी लिहिलेल्या भागात. वजनाची ओळ अर्धवट आली की."

"लांबी तपासत नव्हतो आपण," ती म्हणाली. 'आपण' म्हणाली. "दोन ओळींचं काम आहे, मॅडम."

दोन ओळींचंच होतं. मी सरांचा निरोप सांगितला. ती म्हणाली, नको, इथे बरं चाललंय. मग दोघी गप्प राहिलो. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

"काकांनी मेन बंद करायचं सोडलं म्हणजे," ती म्हणाली.

"हो. मी सांगितलं त्यांना."

"मी सांगितलं तेव्हा नव्हतं ऐकलं त्यांनी." तिचा आवाज साधाच होता. "लाँच लागली, मॅडम. ठेवते हं."

मी सॉरी म्हणाले तेव्हा फोन बंद झालेला होता, आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सांगते, तो बंद झाल्याचा आवाज ऐकूनच मी ते म्हणाले होते.